कापडाखालचा मुकुट

जुलैतल्या त्या सकाळी झेलीनं वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "गेली रे आपली स्पॅनिश बाई."

पन्नास वर्षांपूर्वी युजेनी फ्रान्सची सम्राज्ञी होती. चौऱ्याण्णव वर्षांची होऊन माद्रिदला, माहेरच्या मुलखात, ती वारली होती. पॅरिसमधल्या आमच्या सँ-आंत्वान वस्तीत, जिथं दर तिसऱ्या दाराआड रंधा चालतो, तिच्यासाठी कुणी डोळे पुसणार नव्हतं. झेलीनं मात्र पुसले.

"आता उघडायचं ना?" तिनं विचारलं.

"आधी कॉफी घेऊ."

"पन्नास वर्षं हा माणूस कॉफीच घेतोय!"

मला भीती वाटत होती, हे खरं. कापडाखाली काहीच नसलं तर? मी जे पाहिलं असं समजत होतो ते मनचंच असलं तर? आयुष्यभर पुस्तकांची बांधणी केली, पण माझा स्वतःच्या डोळ्यांवर कधी फारसा भरवसा नव्हता.

गोष्ट १८७० सालच्या सप्टेंबरातली. रविवारी साम्राज्य कोसळलं. सोमवारी लोक शिड्या लावून दुकानांच्या पाट्यांवरचे मुकुट आणि गरुड फोडत होते. तेवढ्यात झेली माझ्या दुकानात शिरली. शेजारच्या गल्लीतल्या गार्नो सुतारांची ती मुलगी. तिला पाहिलं की माझ्या हातातली सुई नेहमी चुकीच्या भोकात जायची.

शालीखालून तिनं एक पुस्तक काढलं. लाल कातडं, त्यावर तापवलेल्या ठशानं उमटवलेला सोनेरी मुकुट. सम्राज्ञीच्या शाळेत मिळालेलं वाचनातलं पहिलं बक्षीस.

"बाबा म्हणतात, संध्याकाळपर्यंत हा मुकुट घरातून गेला नाही तर पुस्तक चुलीत," ती म्हणाली. "तुम्ही काहीतरी करा. माझ्याकडे दुसरं पुस्तक नाही."

सम्राज्ञीच्या लग्नात पॅरिस शहर तिला हिऱ्यांचा हार देणार होतं. तिनं तो नको म्हटलं आणि त्या पैशातून गरीब मुलींसाठी शाळा मागितली. ती आमच्याच वस्तीत उभी राहिली, आणि इमारतीचा आराखडासुद्धा हाराच्या आकाराचा केला. झेलीची आई वारली तेव्हा ती आठ वर्षांची होती. गार्नोबाबांनी तिला तिथं राहायला सोडलं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ सम्राटाविरुद्ध बोलला म्हणून सातासमुद्रापार कायेनच्या कैदी-वसाहतीत पाठवला गेला होता आणि तिथंच तापानं गेला होता.

मुकुट खरवडला असता तर कातडं फाटलं असतं. मी त्यावर राखाडी कापड चढवायचं ठरवलं. खळ लावली, कापड ताणलं, पुस्तक दाबायच्या शिकंज्यात आवळलं. झेली समोर बसली होती म्हणून असेल, मी शिकंजा जरा जास्तच आवळला.

संध्याकाळी तिच्याबरोबर मी पुस्तक घेऊन गार्नोबाबांच्या कारखान्यात गेलो. त्यांनी हात पुसले, पुस्तक घेतलं आणि मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला. आयुष्यभर लाकूड पॉलिश केलेला अंगठा तो. मधोमध येऊन थांबला.

"हे काय आहे?"

तेव्हा मला दिसलं. ठशाचा खळगा मी भरलाच नव्हता. शिकंज्याच्या दाबानं ओलं कापड त्यात बसलं होतं आणि मुकुटाची एकेक कड वर उमटली होती.

"बाबा, मुकुट गेलाय," झेली घाईनं म्हणाली.

"गेलाय? कोट घालून बसलाय!" ते माझ्याकडे वळले. "काय रे कागदवाल्या, कुणी शिकवलं तुला? महोगनीचा पातळ पापुद्रा चढवताना आमचं शेंबडं पोरसुद्धा आधी खळगा भरतं."

भट्टी पेटलेली होती. त्यांनी भट्टीकडे पाहिलं. झेलीनं माझी बाही घट्ट धरली. तिच्या ते लक्षातही आलं नसावं, पण मला अजून आठवतं.

गार्नोबाबांनी भट्टीवरून सरसाचं भांडं उचललं.

"झेली, जा, पाव घेऊन ये."

"आत्ता?"

"जा म्हटलं ना!"

ती गेल्यावर त्यांनी ओलं कापड हलकेच सोडवलं. सरसात बारीक भुसा कालवून मुकुटाचा खळगा भरला, बोटानं सपाट केला. त्यावर कोरा कागद ठेवला. मग कानामागची जाड पेन्सिल काढली. कपाट किंवा खण बंद करण्याआधी आमचे सुतार आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथं, नाव आणि तारीख लिहितात. मी मान फिरवली. त्यांना नावापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

"आता चिकटव. खळ फक्त कडांना," ते म्हणाले. "आणि ऐक. ती बाई जिवंत आहे तोवर उघडायचं नाही. गार्नो राजघराण्याला नमस्कार करतो असं कुणी म्हणायला नको. मेल्यावर ती कुणाची तरी आईच."

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं आणि मी झेलीला ती अट सांगितली. लग्नानंतर आठ वर्षांनी आफ्रिकेत झुलूंच्या मुलखात बाईचा एकुलता एक मुलगा मारला गेला. झेली बातमी वाचून दाखवत होती. गार्नोबाबा म्हणाले, "पुरे, पुढचं नको वाचू," आणि रंधा हातात घेऊन नुसते उभे राहिले. पुढं तेही गेले. बाई मात्र जगत राहिली. आम्हीही वाट पाहत राहिलो.

तर कॉफी झाली. मी कापडाच्या कडा ओल्या केल्या आणि हाडाच्या पट्टीनं सोडवल्या. कागद पिवळा पडला होता. पेन्सिल तशीच होती. मी पुस्तक झेलीपुढे सरकवलं. तिनं मोठ्यानं वाचलं, बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची तसं, प्रत्येक शब्दाला थांबत:

"बाई, तुमच्या नवऱ्यानं माझा भाऊ नेला. ते मी विसरणार नाही. तुमच्या शाळेत माझी मुलगी वाचायला शिकली आणि दर रविवारी येऊन तिनं मला शिकवलं. म्हणून हे लिहिता आलं. आभार. गार्नो, सुतार."

मग नावाच्या पहिल्या अक्षरावर तिनं बोट ठेवलं.

"वळण बघ. शाळेतल्या सिस्टरांचं. किती रविवार घालवले या अक्षरावर! शेपूट काही त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही."

"परत झाकू?" मी विचारलं.

"झाक. पण शिकंजा जपून आवळ हं, कागदवाल्या."

मी कडांना खळ लावली.