गौरीखालचं बी

मंडईत तेरड्याच्या जुड्या होत्या, पण फुलांचा पत्ता नव्हता. नुसत्या वाळक्या काड्या आणि फुटलेली बोंडं. "घ्या हो, गौर काय तक्रार करणारे?" विकणारी म्हणाली. मी घेतल्या नाहीत. बिनफुलांचा तेरडा बसवण्यापेक्षा सरळ पाच खडे बसवावेत, या मताची मी आहे.

खरं सांगायचं तर मनातून मी खूश होते. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या गच्चीत एकच प्रयोग मांडला. एका ओळीतल्या कुंड्यांत गेल्या वर्षी टेकडीवरून आणलेलं तेरड्याचं बी, दुसऱ्या ओळीत १९९६चं. हे जुनं बी माझ्या सासूबाईंनी, मुक्ताईंनी, त्या वर्षीच्या गौरीखालून वेचलेलं; तो तेरडाही त्याच टेकडीवरचा. मी पाकिटावर रीतीप्रमाणे 'संग्राहक: मुक्ताई' लिहिलं आणि ते कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवलं. "झाडलोटीचं सर्टिफिकेट देतेस का गं?" असं म्हणून त्या हसल्या होत्या.

माती तीच, पाणी तेच. तरी टेकडीचा तेरडा श्रावणातच फुलला आणि बी उडवून मोकळा झाला. मुक्ताईंचा आत्ता फुलला, अगदी गौरीच्या मुहूर्तावर. मधल्या वीस वर्षांत भादव्यातल्या पावसाचा भरवसा उरला नाही. उशिरा फुलणारी झाडं बी धरण्याआधीच वाळत गेली, घाई करणाऱ्यांचा वंश तेवढा राहिला. वर्षागणिक अशी चाळण लागून टेकडीवरचा तेरडाच बदलला. माझं जुनं पाकीट आता रिकामं होतं. पुढचं बी मिळणार ते या कुंड्यांतूनच.

घरी आले तर गौर बसलेली. पाटावर तांदूळ, त्यावर पाण्याचा तांब्या आणि तांब्यात गुलाबी तेरड्याची भरघोस जुडी. शेजारी माझी सून पूर्वा, हिंजवडीच्या ऑफिसातून सुट्टी काढून नऊवारी नेसलेली.

"अहो आई, सरप्राइज! गच्चीतला फुललेला सगळा कापला. वाळका तसाच ठेवलाय."

"छान. गौर बसली आणि प्रयोग उठला."

तिला कळेना. मी सांगितलं तशी ती रडायलाच लागली. तिचं माहेर अकोल्याचं, तिकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या. "मला वाटलं, तुम्ही गौरीसाठीच लावलाय," ती म्हणाली. दुसरं कुणाला काय वाटलं असतं? मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला जागा नव्हती.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. ते तीनही दिवस मी जुडीतली हिरवी बोंडं बघत होते. देठ रसाळ, खाली तांब्यात पाणी, त्यामुळे आशा सुटत नव्हती. विसर्जनाआधी एक बोंड दाबलं. आत पांढरं, कच्चं बी. मुक्ताईंचा तेरडा माझ्या घरात संपला, या विचाराने रडू आलं आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

"आई, बाहेर या जरा!"

पूर्वा पाटावरचे तांदूळ ताटात घेऊन निवडत होती. हळदीकुंकवाच्या दाण्यांत बारीक, गोल, तपकिरी बी. तांब्याच्या काठाशी आलेली खालची चार बोंडं पाण्यावर पिकून आपली आपणच फुटली होती.

"हे चालेल?" तिने भीतभीत विचारलं.

मी नवं पाकीट आणलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

"काय लिहू?"

"संग्राहक. पुढे तुझं नाव. आणि पुढच्या वर्षी कापायच्या आधी विचार."