दिसायला आलेफ

माझा मामा साठीत आंधळा झाला. हट्टी मात्र जन्मापासूनचा. सगळी हयात त्यानं हिब्रू शिकवण्यात घालवली. दृष्टी गेल्यावर न दिसणाऱ्या मुलांसाठी हिब्रूचं पहिलं पुस्तक करायचं त्यानं मनावर घेतलं. तो सांगायचा, मी लिहायचे. पुस्तक छापून निघणार होतंच, पण खरं ते कॉम्प्युटरवर ऐकायचं होतं. यंत्र पान वाचणार, अक्षराचं नाव घेणार आणि मूल शिकणार.

आम्ही प्रकाशनाच्या कचेरीत गेलो ते शेवटच्या मंजुरीची सही करायला. आधी ऐकेन, मग सही, असं मामानं सांगितलं. संपादकबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मामाला त्या दिसण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून दोघांच्या वाटच्या मीच पाहून घेतल्या.

पहिला धडा पहिल्या अक्षराचा, आलेफचा. यंत्र म्हणालं, "गणिती चिन्ह." पुढच्या शब्दात आलेफ आला, तिथेही तेच. मी डोळे फाडून पडद्याकडे पाहिलं, तर आलेफच होता, चांगला ठसठशीत.

अक्षरजुळणी करणाऱ्याला बोलावलं. तो एरवी कॉलेजच्या गणिताची पुस्तकं जुळवतो. गणितवाल्यांनी अनंत मोजायला हे अक्षर कधीच उसनं नेलंय, त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये त्यांचं एक वेगळं चिन्ह आहे. हिब्रू फॉन्टमधला आलेफ याला किडकिडीत वाटला आणि गणितातला देखणा, म्हणून पठ्ठ्यानं एका फटक्यात पुस्तकभर बदलून टाकला. वर आम्हालाच सांगतो, काहीच फरक नाही. फरक कसा नाही? कॉम्प्युटरला अक्षराचं रूप कळत नाही. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो, यंत्र त्यावरूनच वाचतं. शेजारच्या दोन घरांची दारं सारखी असली तरी पत्ते वेगळे, तसंच हे.

बाईंचं म्हणणं, आता अक्षर बदललं की ओळी सरकणार, सगळी पानं पुन्हा तपासावी लागणार, आणि प्रकाशन समारंभ तर परवावर आलाय. दुसऱ्या आवृत्तीत बघू. शिवाय घेणारे बरेचसे डोळस, छापलेल्या पानात कुणाला काय दिसतंय? माझं डोकंच सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामानं माझा गुडघा दाबला.

"ज्या मुलानं आलेफ कधी पाहिलाच नाही," तो म्हणाला, "त्याला कानावर पडेल तोच आलेफ. त्याला पहिल्याच दिवशी चुकीचं शिकवायला मी सही देणार नाही."

मग बाईंनी आवाजात साखर घातली. केवढे कष्ट घेतलेत तुम्ही, म्हणाल्या. या वयात पुन्हा कुणी छापेल न छापेल, आमचाही काही भरवसा नाही. ते मात्र मामाला लागलं. त्यानं हातातल्या पेनाचं टोपण काढलं. या पुस्तकाखेरीज त्याच्याजवळ आता दुसरं काही उरलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, कर एकदाची सही, असं माझ्याही मनात येऊन गेलं.

"आणि मुखपृष्ठ तर छापूनही झालंय," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव हिब्रूत आहे, इतकं सुरेख दिसतंय."

मामानं मला मुखपृष्ठ ऐकवायला सांगितलं. त्याचं नाव आलेफनंच सुरू होतं. यंत्रानं पुस्तकाचं नाव वाचलं, मग म्हणालं, "गणिती चिन्ह," आणि मागोमाग त्याच्या नावातली उरलेली अक्षरं.

मामा हसला, बाहेरच्या टेबलांवरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं. मग टेबलाची कड चाचपून त्यानं पेन बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"हे माझं नाव नाही, बाई. ज्याचं असेल त्याची सही घ्या," तो म्हणाला, आणि माझा दंड धरून उठला.