अर्धा फेरा

अरे, गाडीखाली एकट्याने शाफ्ट काढलाय का कुणी कधी? मी काढला, शनिवारी, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, आणि त्यात एक असा मूर्खपणा केला की सांगायलाही लाज वाटते, पण ऐका.

बाबांची गाडी माझ्याकडे आहे ना, ती साठच्या पुढे गेली की पोटातून घूं घूं करायची. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट असतो, दोन तुकड्यांचा, आणि मध्ये त्याला गाडीच्या पोटाशी धरून ठेवतं ते सेंटर बेअरिंग. तेच गेलं होतं, रबर फाटून लोंबत होतं. खरं तर हे काम माझ्या दादाचं. तो मेकॅनिक, वीस वर्षं ती गाडी त्यानेच सांभाळली, आणि बाबा जाताना ती देऊन गेले मला, ज्याला धड स्टेपनी बदलता येत नाही. बरं, मी तरी दादाला एका शब्दाने विचारावं? नाही. किल्ली उचलली आणि नोकरीसाठी इकडे निघून आलो. आठ महिने झाले, दादा बोलत नाही. फोन केला की वहिनी उचलते, म्हणते, कामात आहेत रे.

म्हटलं, आपणच करू. जॅक लावला, गाडी स्टँडवर चढवली, खाली शिरलो. मागचे चार बोल्ट काढले, मधले दोन काढले, आणि शाफ्ट आला तो सरळ छातीवर. अशा वेळी दुसरा माणूस लागतो, नुसता धरायला. पार्किंगमध्ये मी आणि एक मांजर. तसाच पडून राहिलो, शाफ्ट पोटाशी घेऊन, कारण हाक मारायची तर कुणाला, शेजारच्यांचं नावसुद्धा माहीत नाही मला.

आता, जोड उघडायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर खूण करतात, होते तसेच परत बसावेत म्हणून, नाहीतर गाडी थरथरते. मी केली की. खडूने. आणि मग सगळं रॉकेलने घासून लख्ख धुतलं, खडूसकट. हसा, हसा.

नवीन बेअरिंग बसवलं आणि दोन तुकडे मांडीवर घेऊन बसलो. शेवटी दादाला फोन. चक्क त्यानेच उचलला. मी नमस्कार-चमत्कार काही न करता खडूचं सांगून टाकलं.

मग म्हणाला, "दोन्ही क्रॉसचे कान एका रेषेत ठेव. थरथरली तर उघड, अर्धा फेरा फिरव, परत लाव." क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकांचे सांधे, आणि कान म्हणजे त्यांना दोन बाजूंनी धरणारे फाटे.

"दादा, कसा आहेस?"

"बोल्ट नवे घाल, बारक्या." आणि ठेवला.

तसं बसवलं आणि गाडी हायवेला नेली. साठ, सत्तर, ऐंशी. आवाज नाही, थरथर नाही, नुसती लोण्यासारखी चाललीय. मला आनंद व्हायला हवा होता ना? आणि मी आपला स्टिअरिंगला बोटं लावून वाट बघतोय, थरथर गं बाई जराशी. कारण ती नाही थरथरली तर दादाला परत फोन कशासाठी करायचा?

गाडी बाजूला घेतली आणि मेसेज टाकला, थरथरतेय. दोन मिनिटांत उत्तर आलं, अर्धा फेरा. बास, एवढंच.

मग घरी येऊन परत खाली शिरलो. दादाशी खोटं बोललो होतो ना, ते आत टोचत होतं. चांगला बसलेला शाफ्ट उघडला, अर्धा फेरा फिरवला, परत आवळला.

आता खरंच थरथरते. साठला पायाखालून अशी थरथर सुटते की दात वाजतात. रविवारी दादाकडे नेतोय. त्याने बोलावलेलं नाहीये. दोनशे किलोमीटर आहे, पन्नासने हळूहळू जाईन.