दूध देणारा घोडा

आमच्या आईने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. चांदीचं नाव छापून आण, म्हणाली. चांदी म्हणजे आमची शेळी.

चाळीसगाव स्टेशनाला लागून आमचं घर. आई, म्हणजे भागाबाई, धुळ्याच्या गाडीवर केळी विकायची. घरात घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी गाडीने त्याचं ऐकलंच असतं असं नाही. चांदी खुंट्याजवळ रवंथ करत बसलेली असायची आणि मधेच ताडकन उठायची. ती उठली की आई पाटी डोक्यावर घ्यायची. दोघी फलाटावर पोचायच्या आणि गाडी आत शिरायची. चांदीला केळीच्या सालांचा लोभ होता, बाकी ज्योतिषबितिष काही नाही. त्या लोभावर ती अकरा वर्षं बिनचूक चालली, आणि तिच्यावर आमचं घर चाललं. ती मेली त्या दिवशी आईची गाडी पहिल्यांदा चुकली.

ही गोष्ट मी लिहिली. मी वना, जळगावला पाइपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आणि गेली बारा वर्षं होतकरू कथालेखक. केस पिकले तरी होतकरूच. त्यात यंदा कथास्पर्धेची जाहिरात आली: ‘कथेत एखादा प्राणी काळाचं प्रतीक म्हणून यावा.’ म्हटलं, देव पावला. अख्ख्या खानदेशात काळ दावणीला बांधून पाळलेला लेखक मीच.

स्पर्धेआधी मार्गदर्शन शिबिर झालं. परीक्षक प्रेमराज सर, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आम्हाला एक तक्ता वाटला. कासव म्हणजे संथ काळ, साप म्हणजे चक्राकार काळ, वाघ म्हणजे सर्वभक्षक काळ, घुबड म्हणजे अज्ञात काळ, घोडा म्हणजे वेगवान काळ. मग बक्षीस देणारे ज्ञानचंदजी, डाळमिलवाले, हात जोडून उभे राहिले.

“साहित्यातलं मला फार समजत नाही,” ते म्हणाले, “पण माझ्या आईच्या नावाने स्पर्धा आहे. गोष्टीत कोणी कोणाला खाऊ नये आणि कोणी मरू नये, एवढंच.”

झालं! वाघ, साप आणि घुबड जागच्या जागी बाद झाले. कासवावर अकरा जणांनी झडप घातली. मी हात वर करून शेळीचं नाव काढलं.

प्रेमराज सरांनी चष्मा काढला. “वनाभाऊ, काळाला काही उंची नको का?”

“सर, ती खरंच वेळेवर उठायची.”

“वेळ वेगळी, काळ वेगळा. शेळी ठेवायची असेल तर ग्रामीण विभागात टाकतो. तिथे सगळ्यांना प्रमाणपत्र असतं. घोडा केलात तर स्पर्धेच्या छापील मुख्य अंकात पाहू.”

माझ्या घरी अशी नऊ प्रमाणपत्रं आहेत. मला मुख्य अंक हवा होता. खोटं कशाला बोलू, आईला हवा होता त्याहून मलाच जास्त हवा होता.

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या संगणकावर मी ‘शेळी’च्या जागी ‘घोडा’ असा हुकूम सोडला आणि सत्तेचाळीस शेळ्यांचे एका क्षणात सत्तेचाळीस घोडे झाले. चांदीचं ‘कृष्णाश्व’ केलं. मग एकेक क्रियापद पुल्लिंगी करत बसलो. शेवटी कोणी मरायचं नव्हतं, म्हणून घोडा क्षितिजापलीकडे पाठवून दिला. आईची गाडी चुकली ते पान सगळंच गेलं.

मला पहिलं बक्षीस मिळालं. आईला फोनवर कळवलं तर तिने एकच विचारलं, “चांदीनं नाव शे ना रे त्यामा?”

“आहे ना,” मी म्हणालो.

समारंभाला ती पहिल्या रांगेत बसली. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत हात. मी माइकवर पहिली दोन पानं वाचू लागलो. वाचता वाचता माझ्याच तोंडून वाक्य आलं, ‘तो काळा घोडा रोज सकाळी पावशेर दूध द्यायचा, त्यावर आमचा चहा व्हायचा.’ ‘द्यायची’चं ‘द्यायचा’ मीच केलं होतं. काय द्यायचा, ते बघितलं नव्हतं.

तेवढ्यात आईचा आवाज आला, “घोडा दूध देस?”

लोक हसू लागले. प्रेमराज सर ताबडतोब उठले. “हसू नका! याच वाक्याला आम्ही बक्षीस दिलं आहे. काळ आपल्याला पळवतो, पण तो आपल्याला पाजतोही. हा घोडा मराठी कथेत आजवर कोणी पाहिला नव्हता.” टाळ्यांचा कडकडाट झाला. घोडा कोणीच पाहिला नव्हता हे मात्र खरं होतं. फक्त ज्ञानचंदजी जाताना माझ्या कानाशी म्हणाले, “भाऊ, आमच्याकडे दूध शेळी देत होती.” मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी आम्ही जळगाव स्टेशनात बाकावर बसलो. माझ्या हातात पितळी सन्मानचिन्ह आणि छापील अंक. आईने पिशवीतून चांदीची घंटी काढली, तिच्या गळ्यातली, सुतळीसकट.

“लोकेसले दखाडाले आणेल व्हती,” ती म्हणाली. “नाव ये तव्हय वाजाडसू म्हतं. पन तू दोनच पानं वाचात. चांदी पुढला पानवर शे ना?”

तिला अक्षरओळख नाही. मी लेखक असून मला खरं सांगायला तोंड नव्हतं.

“हो,” मी म्हणालो, “पुढच्याच पानावर आहे.”

“मंग वाच.”

मी अंक उघडला. छापलेलं ‘कृष्णाश्व’ होतं, मी ‘चांदी’ वाचलं. आईने घंटी हलवली. घोडा छापला होता तिथे शेळी वाचत गेलो. क्षितिज आलं, ते ओलांडलंच नाही, मी कापून टाकलेलं पान पाठ होतं ते म्हणत राहिलो. चांदी खुंट्याशी आडवी पडलेली. आई पाटी भरून दारात बसलेली. चांदी उठेल म्हणून वाट बघते आहे, आणि गाडी येऊन निघून गेली तरी बसूनच आहे.

घंटी वाजायची थांबली. मी वर पाहिलं. आईने पदर डोळ्यांना लावला होता, आणि तिच्या मागे चाळीसगावच्या गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडत होता.

“आई, आपली गाडी गेली!”

तिने वळून गाडीकडे पाहिलं, मग घंटीकडे.

“जाईच ना,” ती म्हणाली. “चांदी ऱ्हाती तं कव्हयनीच उठी गई ऱ्हाती.”