वाळू सरेपर्यंत

"भाभी, तार शे! जवाबी तार!"

दारात भटू तारवाला उभा होता. मी सामायिकाला, आम्हा जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसले होते. तोंडावर मुहपत्तीची कापडी पट्टी, समोर वाळूचं घड्याळ. अठ्ठेचाळीस मिनिटं संसाराचा शब्द काढायचा नाही, जागचं हलायचं नाही. लग्न होऊन शहाद्याला आल्यापासून हा नेम मोडला नव्हता. अर्धी वाळू अजून वरच होती.

"मास्तर कोठे शेतस? मुंबईनी तार शे. सोमवारले दहा वाजता नकाशा लईसन बलायेल शे. काय जवाब देऊ?"

मास्तर म्हणजे माझे धाकटे दीर, अमरचंदजी. हायस्कुलात गणित शिकवत. सदुसष्ट सालचा तो चातुर्मास. पुढच्या जूनमध्ये इकॅरस नावाचा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार होता. त्याच्या जवळून जाऊन फोटो काढील असं यान कसं धाडावं, याचा आराखडा त्यांनी वर्षभर आमच्या दुकानातल्या कापडाच्या गाठींच्या कागदांवर आखला आणि मुंबईच्या एका अभ्यासमंडळाकडे पाठवला. त्याच मंडळाचं हे बोलावणं. परात म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे पृथ्वी, मुगाचा दाणा म्हणजे तो दगड. स्वयंपाकघरातच मला समजावत.

"एवढ्या लांब दगडाला भेटायला जायचं?"

"भेटायला कुठलं, भाभीसा! तो थांबायचा नाही. जाता जाता बघून घ्यायचं. म्हणून तर यानाने महिनोन्‌महिने आधी निघायचं."

"इथली धुळ्याची मोटार वेळेवर निघत नाही," माझे यजमान हसत, "आणि हा निघाला आभाळात!"

अमरचंदजी त्या वेळी मोटार स्टँडवर होते. मीच पाठवलं होतं, अक्कलकुव्याहून पुढे सागबाऱ्याला मुलगी बघायला. भिंतीवर नऊ वाजले होते. मोटार सव्वानऊची. स्टँड दोन गल्ल्यांपलीकडे.

एक शब्द पुरला असता. मी डोळे मिटून घेतले.

"तोंडले पट्टी बांधी बसेल शेतस, देवले तरी काय ऐकू येई?" भटू पुटपुटला. "संध्याकाये येसू."

वाळू सरली तशी मी पदर सावरत धावले. गावाने मला धावताना पहिल्यांदाच पाहिलं असेल. स्टँड रिकामा होता. अक्कलकुव्याला तार केली, तोवर ते पुढे गेले होते. मग पाऊस लागला, ओढे चढले. परतले ते बुधवारी. मंडळाने कळवलं, दुसऱ्यांची निवड झाली, पुन्हा कधीतरी.

ते स्थळही जमलं नाही.

अमरचंदजींनी मला एका शब्दाने विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. चातुर्मासाला गावात आलेल्या साध्वी महासतीजींजवळ मी रडले. "सामायिक मोडलं असतं तर त्याला प्रायश्चित्त होतं, बाई," त्या म्हणाल्या. न मोडल्याचं प्रायश्चित्त काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

अडुसष्टच्या जूनमधली सकाळ. मी नेमाला बसले होते. अमरचंदजी वर्तमानपत्र घेऊन आले, आणि मला पाहून दारातच थांबले. उंबऱ्याशी टेकले. शाळेची घंटा झाली तरी उठले नाहीत.

शेवटचा कण पडला तेव्हा हळूच म्हणाले, "भाटो परो गयो, भाभीसा."

गेला दगड निघून.

मग उठले, वाळूचं घड्याळ दोन्ही हातांनी उचलून कोनाड्यात ठेवलं, आणि शाळेला गेले.