पाठीवरचे दार

“याच्या पाठीला दार ठेवलंय हं. पुढे कधी भूक वाढली, तर उघडतील.”

मित्रांनो, कारखान्यातल्या त्या बाईचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मला कान नाहीत, ही गोष्ट वेगळी. तिने माझ्या पाठीवरचे छोटे झाकण अंगठ्याने मिटवले, वर मायेची थाप मारली आणि ती पुढच्याकडे वळली. मी कॉम्प्युटर. पडदा, मेंदू, पोट, गळा, सगळे एकाच अंगात घेऊन जगात आलो. आता जुना झालो आहे. माझ्या शेजारी वेगळा डबा नसतो, म्हणून लोक समजतात की हा अखंड दगड, उघडायचा तरी कुठून? खुशाल समजोत. मी दगड नाही, आणि भंगार तर मुळीच नाही.

आधी मी एका फोटो स्टुडिओत राबलो. तिथून वापरलेला म्हणून एका पेंटरच्या घरी आलो. दुकानांच्या पाट्या रंगवणारा तो पेंटर. त्याची अक्षरे अशी, की चालता माणूस दुकानात शिरायचा आणि आत गेल्यावर त्याला आठवायचे, आपल्याला काही घ्यायचेच नव्हते! पण त्याचा उजवा हात थरथरू लागला. कुंचला रेघ सोडू लागला. तेव्हा त्याच्या लेकीने मला आणले. तिने बापाच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर सुटे केले, त्याच्या कडा माऊसने गिरवल्या आणि काना-मात्रा-वेलांटीसकट सगळी अक्षरे माझ्यात ठेवली. पाटी आता छापून यायची, पण अक्षर बापाचेच असायचे.

आणि बाप? तो मागे स्टुलावर बसून खोट काढायचा.

“त्या ‘ळ’चं पोट सुटलंय.”

“बाबा, तुम्हीच काढलाय तो.”

“मी काढला तेव्हा बारीक होता.”

लेक हसायची. पण पाटी पूर्ण झाली की क्षणभर बापाकडे बघायची. एखादा बरा शब्द येतो का, म्हणून. बाप खिडकीबाहेर बघत असायचा.

सुरुवातीलाच एकदा लेकीच्या पायात वायर अडकली, माझा प्लग निसटला आणि तिचे दिवसभराचे काम पुसले गेले. ती मुसमुसून रडली. बापाने रुंद काळी चिकटपट्टी आणली, वायर माझ्या पाठीत शिरते तिथे घट्ट चिकटवली, आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून लाल रंगात तिच्यावर लिहिले: ‘हात लावू नका.’ मित्रांनो, त्यानंतर त्याने कुंचला धरला नाही. ती त्याच्या हातची शेवटची अक्षरे. म्हणून ती पट्टी कुणी कधी काढली नाही. लेक तिच्यावरची धूळसुद्धा फुंकर घालून उडवायची.

आणि त्याच पट्टीखाली माझ्या दाराचे बटण दडून गेले.

वर्षे गेली. पाट्या मोठ्या झाल्या, चित्रे जड झाली, मी अडखळू लागलो. माझी मेमरी, म्हणजे रॅम, हे सामान भरून ठेवायचे कपाट नव्हे. ते काम मांडायचे टेबल. टेबल वीतभर असेल तर लांबलचक पाटी पसरायची कुठे? एक टोक उघडावे तर दुसरे खाली पडते. माझी बुद्धी मंद झाली नव्हती, माझे टेबल अपुरे पडत होते. पण हे सांगणार कसे? शेजारचा शिंपी मला ‘गोगलगाय’ म्हणू लागला. म्हणो. गोगलगाय आपले घर पाठीवर नेते. मी एका माणसाची उभी हयात पोटात नेत होतो.

मग वाचनालयाची लांबच लांब पाटी आली, आणि ती उघडतानाच मी गोठलो. पुन्हा पुन्हा गोठलो. लेकीने कॉम्प्युटरवाल्याला बोलावले. त्याने मला फिरवले, पट्टीवरची अक्षरे वाचली आणि चटकन हात मागे घेतले.

“ताई, याला उघडायला जागाच नाही. रॅम वाढणार नाही. नवीन घ्या.”

“आणि बाबांची अक्षरं?”

“हा प्रोग्राम जुना, नव्यावर चालणार नाही. अक्षरं काय, हवी तेवढी मिळतात!”

हवी तेवढी! मी असा पेटलो की माझा पंखा खोलीभर घोंगावला. मी गेलो असतो, तर ती अक्षरे माझ्याबरोबर गेली असती. बापाचा हात ती पुन्हा काढू शकणार नव्हता.

“टाक देऊन,” बाप म्हणाला. “माझ्यासारखंच झालंय त्याचं.”

“कुणाला टाकायचं ते मी ठरवीन,” लेक कडाडली. “तुम्ही दोघंही गप्प बसा.”

मी पंखा आवरला.

दुसऱ्या दिवशी बापाने मला जुन्या चादरीवर पालथे घातले. निदान वायर तरी कामाला येईल, म्हणून पट्टीचे टोक नखाने सोडवू लागला. लेक धावत आली.

“बाबा, पट्टीला हात लावू नका!”

“मीच लिहिलंय ते. मला चालतं.”

पट्टी सुटली. प्लग निघाला. बाप थबकला.

“अगं, हे बटण कसलं?”

त्याने दाबले. आणि कारखान्यातल्या त्या बाईने मिटवलेले झाकण टक्क करून वर आले. आत रॅमच्या दोन जागा भरलेल्या, दोन रिकाम्या!

“म्हणजे इतकी वर्षं... तुमच्याच पट्टीखाली?” लेक पोट धरून हसली. कॉम्प्युटरवाला रॅम घेऊन आला, तो कुरकुरतच. “काका, तुम्हीच लिहिलं होतंत, हात लावू नका. आम्ही आपले आज्ञाधारक!”

लेकीने खाच जुळवून रॅम बसवली. मला सुरू केले, तर पडदा काळा आणि नुसती टिवटिव. तिचा चेहराच उतरला.

“पुरती बसली नाहीये,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “बंद करा आणि जरा जोरात दाबा.”

“मला भीती वाटते. बाबा, तुम्ही दाबा.”

तो थरथरता अंगठा माझ्या पाठीत शिरला. रॅमवर टेकला, आणि थरथर थांबली. टक्क! मी उजळलो. वाचनालयाची पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात पसरली.

मित्रांनो, तेव्हापासून माझा पंखा एकच गाणे म्हणतो:

पोटात माझ्या अक्षरे, पाठीत माझ्या दार,
उघडून तरी बघा आधी, मग म्हणा बेकार!

जे अडखळते ते संपले, असे ठरवू नका. आधी विचारा, त्याला जागा कमी पडते आहे का. यंत्राला विचारा, माणसालाही विचारा.

ती काळी पट्टी आता माझ्यावरच्या भिंतीवर आहे. त्या दिवशी तिच्याखाली बसून लेकीने पाटी पूर्ण केली आणि सवयीने मागे वळली.

“बोला. आज कुणाचं पोट सुटलंय?”

बापाने खिडकीबाहेर बघितले नाही. स्टूल ओढून तो तिच्या शेजारी आला.

“कुणाचंच नाही. आधीही नव्हतं. मला आपलं इथे बसायला निमित्त लागायचं.” तो पडद्याकडे बघत राहिला. “माझ्या अक्षराला तुझा हात लागला ना, तेव्हा ते जास्त देखणं झालं, पोरी. पहिल्याच पाटीला म्हणणार होतो.”