वहिनींचा सायलेन्सर

वहिनी शिवणकाम करत. दीर त्यांना वहिनी म्हणायचे, ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणू लागली, आणि पुढे तर वयाने मोठ्या बायकासुद्धा. तळमजल्यावर अर्ध्या भागात त्यांचं दुकान, अर्ध्यात दंतवैद्याचा दवाखाना. वरच्या मजल्यावर एका खोलीत वहिनी, समोरच्या खोलीत दीर. मागे फरशीचं अंगण, आणि तिथे, वहिनींनीच जाड कापडाचं शिवलेलं अंगडं घालून, त्यांच्या यजमानांची मोटारसायकल उभी. यजमान गेले तेव्हापासून ती जागची हलली नव्हती.

भाऊजी नोकरीत असताना इमारतींचे नकाशे काढत. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या चुका काढत.

"भंगारात द्या ती गाडी," ते सारखे म्हणत. "वाट अडवते."

"कोणाची?"

"येणाऱ्याजाणाऱ्याची."

अंगणात येणारंजाणारं फक्त एक मांजर होतं, आणि ते गाडीवरच झोपायचं.

वहिनींनी वाद घातला नाही. भाजीला जाते म्हणून पिशवी घेऊन त्या रोज सकाळी निघत आणि शिकवणीच्या मैदानावर जाऊन गाडी चालवायला शिकत. परत येताना कधी भाजी आणायची राहून जायची, तेव्हा भाऊजी महागाईबद्दल बोलत बसायचे. परवाना हातात आला त्या दिवशी वहिनींनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिन चालू करून दिलं, पण सायलेन्सरकडे बघून तोंड वाकडं केलं. गंजाने नुसती चाळण व्हायची बाकी होती. "ह्या गाडीचा नवा मिळत नाही. घासून हीटचा रंग मारा, टिकेल. साधा रंग मारू नका, पहिल्या फेरीतच जळून जाईल."

"मीच रंगवते," वहिनी म्हणाल्या.

"रंगवणं म्हणजे काय फ्रॉकला झालर लावणं आहे?" भाऊजींनी विचारलं.

"नाही हो. झालर लावणं अवघड असतं."

मेकॅनिकने सायलेन्सर आणि पुढचा वाकडा पाइप सोडवून दिला. दुकानाच्या दारात बसून वहिनींनी पॉलिश पेपरने घासून घासून गंज काढला, मग थिनरच्या फडक्याने सगळं पुसून घेतलं. हाताचं तेल लागू नये म्हणून हातमोजे घातले आणि दोन्ही नग सुकायला तारेने बांधून कपड्यांच्या दांड्यावर अडकवले. दुपारी एक बाई ट्रायलला आल्या. आपला कोट शोधत कपडे सरकवता सरकवता त्यांचा हात पाइपवर पडला.

"अगंबाई, हे कोणाचं?"

"घरचंच आहे."

बाईंनी वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "एकच बाही?"

रंगाचा पहिला थर वहिनींनी अंगणात फवाऱ्याच्या डब्याने दिला. पातळ, एकसारखा, जसं अस्तर लावावं तसा. भाऊजींना हे बघवेना. "असं फुसफुस मारून काय होणार? एकदाच दणकून मारायचा!" म्हणत त्यांनी डबा हातातून घेतला आणि बटण दाबलं. तोंड कुठल्या बाजूला आहे हे मात्र बघितलं नाही. चष्म्याची डावी काच काळी झाली, अर्धी मिशी काळी झाली. उरलेला रंग पाइपवर बसला, त्याचे ओघळ आले.

वहिनींना हसू आवरेना. हीच चूक झाली. भाऊजी रागाने वर गेले आणि दार लावून बसले. वहिनींनी ओघळ घासून काढले, पुन्हा पातळ थर दिले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येऊन दोन्ही नग गाडीला लावून गेला. तोवर भाऊजी अंगणात फिरकलेच नाहीत, त्यामुळे डब्यावरची सूचनाही त्यांना कळली नाही. रंग पक्का व्हायला तो हळूहळू तापवायचा: थोडा वेळ इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा थोडं जास्त चालवायचं. पहिल्या वेळी धूर येईल, घाबरू नये.

वहिनी घाबरल्या नाहीत. त्यांनी किक मारली, स्टूल घेतलं आणि कोटाची काजं करत बसल्या.

धूर मात्र सूचनेत लिहिल्यापेक्षा दांडगा निघाला. पांढरा, घट्ट, आणि वासाने डोळ्यांत पाणी आणणारा. तो अंगणात एक चक्कर मारून थेट दवाखान्याच्या खिडकीतून आत शिरला. आत खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. ते उठून गळ्यातल्या रुमालासकट, तोंडात कापसाचे बोळे तसेच ठेवून रस्त्यावर धावले आणि दिसेल त्याला "आव! आव!" म्हणू लागले. लोकांना वाटलं, बोलावताहेत. चांगली गर्दी जमली. दवाखान्यातल्या मदतनीस मुलीने बंबाला फोन लावला.

बंब आला. पाइप उलगडत जवान अंगणात शिरले आणि थबकले. समोर वहिनी दोन्ही हात पसरून उभ्या, एका हातात सुई, गळ्यात मोजपट्टी.

"बाई, बाजूला व्हा!"

"पाणी मारायचं नाही! रंग कच्चा आहे, तडकेल!"

"आग कुठे आहे?"

"आग नाहीच! रंग भाजतेय!"

बंबाचे साहेब खाली वाकले. सायलेन्सर बघितला, डबा बघितला, सूचना वाचली. "थर किती दिलेत?"

"तीन. पातळ."

"हात चांगला आहे तुमचा," साहेब म्हणाले. जवानांनी पाइप खाली ठेवला. दंतवैद्य रागाने आले होते, तेही साहेबांचा सूर ऐकून नुसतेच उभे राहिले. खुर्चीतले गृहस्थ "फगवं फंपवं?" असं काहीतरी विचारत होते. वहिनींना ते बरोबर कळलं. "हो, सगळं संपलं. जा तुम्ही, दात काढून घ्या."

इतक्यात वरच्या गॅलरीचं दार धाडकन उघडलं. भाऊजी झोपेतून उठले होते. एका डोळ्यावर काळी काच, दुसऱ्या डोळ्यासमोर धूर. "वहिनी, सरा बाजूला!" असं ओरडून त्यांनी अख्खी बादली खाली ओतली. नेम अचूक.

चर्रर्र आवाज झाला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तापलेल्या पाइपवरचा रंग फुगला, आणि सगळ्यांच्या देखत पापुद्र्यांनी गळू लागला.

बंबाच्या साहेबांनी टोपी काढून केसांवरून हात फिरवला.

वहिनी जिन्याने वर निघाल्या. तोंडावर चांगलं फाडकन बोलायचं, असं ठरवूनच निघाल्या होत्या. भाऊजी गॅलरीत रिकामी बादली छातीशी धरून बसले होते.

"मला वाटलं दादाची गाडी जळतेय," ते म्हणाले.

वहिनी मग त्यांच्या शेजारी बसल्या.

"तुम्हीच तर भंगारात द्या म्हणत होता."

"रोज खिडकी उघडली की दिसते. दिसते, पण तो काही खाली येत नाही." भाऊजींनी बादली पलीकडे ठेवली. "बघवत नाही हो वहिनी."

"मलाही बघवत नव्हतं. म्हणून तर शिकले."

खाली बंब परत निघाल्याचा आवाज आला. वहिनींनी भाऊजींचा चष्मा काढून घेतला, पदराने पुसून बघितला, पण काच काही साफ होईना. हीटचा रंग तो, पक्का बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन स्टुलं होती. भाऊजी पॉलिश पेपर घेऊन घासत होते आणि वहिनी त्यांच्या चुका काढत होत्या. दंतवैद्यांनी येऊन सांगितलं की रंग भाजायचा असेल तर दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी भाजा, मीही बघायला येईन.

ते आले. धूर आला. कोणी धावलं नाही. रंग असा बसला की नख मारून निघेना. संध्याकाळी वहिनींनी गाडी रस्त्यावर काढली. भाऊजी नवा चष्मा लावून मागे बसले आणि कोपरा येईपर्यंत सूचना देत राहिले. कोपऱ्यावर वहिनींनी वेग वाढवला, तसे ते गप्प झाले आणि दोन्ही हातांनी वहिनींच्या खांद्याला घट्ट धरून बसले.